मालवणचा मतदार गावात वाडी बघतो, मग लोकसभेला काय बघतो?

१९७१ ची लोकसभा निवडणूक. देशभर इंदिरा गांधींची लाट होती. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. ज्या तीन जागा हातातून सुटल्या, त्यातली एक होती राजापूर. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली हा सगळा भाग तेव्हा याच मतदारसंघात होता.

निवडून आले प्रजा समाजवादी पक्षाचे मधु दंडवते. त्यांचा जन्म तेव्हाच्या अहमदनगरचा, नोकरी मुंबईत भौतिकशास्त्र शिकवण्याची. ना कोकणात जन्म, ना गावात भावकी, ना देवळात मान. तरीही याच मतदारसंघाने त्यांना १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असं सलग पाच वेळा लोकसभेत पाठवलं.

आता याच मालवण तालुक्यातल्या एखाद्या गावाची ग्रामपंचायत निवडणूक डोळ्यांसमोर आणा. कोणत्या वाडीचा उमेदवार आहे, कोणत्या आडनावाचा आहे, मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ कोणाच्या बाजूने आहे, भावकीत कोणाचं कोणाशी वाजलंय, हे सगळं तिथे पाहिलं जातं.

गाव तेच, माणसं तीच, बोटावरची शाईही तीच. मग गावच्या निवडणुकीत ओळख बघणारा मतदार लोकसभेला वेगळं मोजमाप का लावतो? तो खरोखर विकास आणि नेतृत्व बघतो की तसं फक्त म्हणतो? सिंधुदुर्गाचा गेल्या सत्तर वर्षांचा मतदानाचा इतिहास पाहिला तर उत्तर बरंचसं सापडतं. पण ते "विकास जिंकला, जात हरली" इतकं सोपं नाही.

आधी इतिहास: कोण कोण निवडून आलं?

राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका बॅरिस्टर नाथ पै यांनी जिंकल्या. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. १९७१ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर दंडवते आले. १९९१ मध्ये दंडवतेंचा पराभव करून काँग्रेसचे सुधीर सावंत खासदार झाले. १९९६ ते २००४ या काळातल्या चारही निवडणुका शिवसेनेच्या सुरेश प्रभूंनी जिंकल्या.

पुढे मतदारसंघांची फेररचना झाली. राजापूर हे नाव गेलं आणि २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा नवा मतदारसंघ आला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातले चिपळूण, रत्नागिरी, राजापूर आणि सिंधुदुर्गातले कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. मालवण तालुका कुडाळमध्ये येतो. २००९ मध्ये काँग्रेसचे निलेश राणे, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत, तर २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे इथून निवडून आले.

समाजवादी, जनता पक्ष, जनता दल, काँग्रेस, शिवसेना, भाजप. मराठा, कुणबी, भंडारी, गाबीत, दलित, मुस्लिम, ब्राह्मण, सारस्वत अशी वस्ती असलेल्या या पट्ट्याने जवळपास प्रत्येक प्रवाहाला संधी दिली आहे. इथलं मतदान जातीच्या एकाच सूत्रावर चालत असतं, तर ही यादी इतकी मिश्र झाली नसती.

मग ओळखीचा काहीच संबंध नव्हता का?

होता. १९५७ चंच उदाहरण घ्या. ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढली गेली. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं, ही मागणी भाषेच्या ओळखीचीच होती. नाथ पै पहिल्यांदा निवडून आले ते त्या वातावरणात.

पण १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. ज्या भावनेवर निवडणूक झाली होती, ती मागणी बऱ्याच अंशी पूर्ण झाली. १९६२ मध्ये काँग्रेसने राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर आलेले बहुतेक विरोधक वाहून गेले, नाथ पै मात्र टिकले. संसदेतलं त्यांचं वक्तृत्व आणि गोवा मुक्तीसारख्या प्रश्नांवरची त्यांची भूमिका यामुळे "आपला खासदार दिल्लीत बोलतो" ही भावना मतदारसंघात तयार झाली होती.

म्हणजे दार ओळखीने उघडलं आणि आत टिकून राहिले ते कर्तृत्वावर. सिंधुदुर्गात हा प्रकार पुढेही दिसतो.

निवडणूक बदलली की मोजमाप का बदलतं?

यामागे चार साधी कारणं आहेत.

पहिलं, आकार. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात काही शे मतदार असतात. तिथे एका वाडीची किंवा दोन मोठ्या कुटुंबांची मतं निकाल ठरवू शकतात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये सुमारे साडेचौदा लाख मतदार होते. इतक्या मोठ्या मतदारसंघात कोणताही एक समाज एकट्याच्या बळावर खासदार निवडून आणू शकत नाही. त्यामुळे उमेदवारालाच असं काहीतरी बोलावं लागतं, जे चिपळूणच्या दुकानदाराला, देवगडच्या आंबा बागायतदाराला आणि मालवणच्या रापणकराला एकाच वेळी पटेल. रेल्वे, रस्ता, रोजगार, देशाचं नेतृत्व हे असे विषय आहेत.

दुसरं, अधिकार. वाडीतल्या नळाचं पाणी, पाणंद, पथदिवे हे ग्रामपंचायतीच्या हातात असतं. नळ कोणाच्या दारात आधी येणार, हा प्रश्न असेल तर "आपला माणूस" सदस्य असणं फायद्याचं. पण राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, किनाऱ्यावर कुठे बांधकाम करता येईल हे ठरवणारी सीआरझेड अधिसूचना, १२ सागरी मैलांपलीकडच्या मासेमारीचे नियम हे विषय केंद्राचे. तिथे खासदार आपल्या जातीचा असला म्हणून एका वाडीला वेगळी रेल्वे मिळत नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा, आणि तोही सहा विधानसभा मतदारसंघांत वाटायचा.

तिसरं, माहिती. राज्यशास्त्रज्ञ कांचन चंद्रा यांनी भारतातल्या जातीय पक्षांवरच्या आपल्या २००४ च्या पुस्तकात एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. उमेदवार निवडून आल्यावर कोणाचं काम करेल हे मतदाराला कळायला दुसरा मार्ग नसेल, तर तो सहज दिसणाऱ्या खुणेवरून अंदाज बांधतो. आडनाव ही अशी खूण आहे. लोकसभेला मात्र टीव्ही, वर्तमानपत्र आणि आता मोबाइलमुळे पंतप्रधानपदाच्या दावेदारांबद्दल मतदाराकडे भरपूर माहिती असते. माहिती खरी असो वा खोटी, आडनावावर विसंबण्याची गरज कमी होते.

चौथं, लाभाचं अंतर. सरपंच रोज भेटतो. त्याच्याशी बिघडलं तर दाखल्यापासून घरपट्टीपर्यंत त्रास होईल अशी भीती असते. खासदार इतका जवळ नसतो. त्यामुळे लोकसभेचं मत तुलनेने मोकळेपणाने देता येतं.

जात बघून मत देणं ही सवय बदलता येते?

याची एक चाचणी उत्तर प्रदेशात झाली आहे. २००७ च्या विधानसभा निवडणुकीआधी अभिजित बॅनर्जी आणि रोहिणी पांडे यांच्यासह काही संशोधकांनी तिथल्या गावांत एक प्रयोग अभ्यासला. काही गावांत एका स्वयंसेवी संस्थेने "जातीवर नको, विकासाच्या प्रश्नांवर मत द्या" असा संदेश दिला. कोणत्याही पक्षाचा प्रचार केला नाही. ज्या गावांत हा संदेश गेला, तिथे जातीनुसार मतदान करण्याचं प्रमाण काहीसं कमी झालेलं आढळलं.

प्रमाण शून्यावर आलं नाही, पण एका साध्या संदेशाने ते हललं. जातीवर मत देणं ही दगडावरची रेघ नाही, असा याचा अर्थ. अनेकांसाठी ती दुसरं काही हाताशी नसताना वापरलेली फूटपट्टी असते.

पण लोक खरं सांगतात का?

इथे सावध राहायला हवं. सर्वेक्षण करणारा अनोळखी माणूस दारात येऊन विचारतो, "तुम्ही मत कशावर दिलं?" तेव्हा "विकासावर" हे सभ्य उत्तर असतं. "आडनाव बघून" असं सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे सर्वेक्षणातल्या विकासाच्या टक्क्यांकडे थोडं अंतर ठेवूनच बघावं लागतं.

तरीही काही आकडे उपयोगी आहेत. लोकनीती-सीएसडीएसने एप्रिल २०२४ मध्ये देशभर केलेल्या निवडणूकपूर्व सर्वेक्षणात सर्वात महत्त्वाचा मुद्दा कोणता असं विचारलं, तेव्हा २७ टक्क्यांनी बेरोजगारी, २३ टक्क्यांनी महागाई आणि १३ टक्क्यांनी विकास असं सांगितलं. राम मंदिर म्हणणारे ८ टक्के होते. त्याच वर्षी जानेवारीत अयोध्येत मोठा सोहळा झाला होता, हे लक्षात घेतलं तर हा आकडा बोलका आहे.

नेतृत्वाचंही तसंच. २०१९ च्या निवडणुकीनंतर याच संस्थेच्या सर्वेक्षणात रालोआला मत देणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी सांगितलं होतं की, नरेंद्र मोदी पंतप्रधानपदाचे उमेदवार नसते तर आपण वेगळा विचार केला असता. पक्ष आणि स्थानिक उमेदवारापेक्षा पंतप्रधानाचा चेहरा मोठा ठरतो, असं म्हणतात ते यावरून.

लोक काय म्हणतात यापेक्षा ते काय करतात हे बघायचं असेल, तर सिंधुदुर्गातले आकडे जास्त स्पष्ट बोलतात.

२०१४, २०१९, २०२४: एकच उमेदवार, तीन निवडणुका

विनायक राऊत मूळचे मालवण तालुक्यातले. तीन लोकसभा निवडणुका ते याच मतदारसंघातून लढले.

२०१४ मध्ये शिवसेना भाजपसोबत होती आणि मोदींचा चेहरा होता. राऊत यांना सुमारे ४ लाख ९३ हजार मतं पडली आणि निलेश राणेंचा सुमारे दीड लाखांनी पराभव झाला. २०१९ मध्येही युती होती. राऊत यांना सुमारे ४ लाख ५८ हजार मतं मिळाली, विजयाचं अंतर सुमारे १ लाख ७८ हजार.

२०२४ मध्ये चित्र उलटलं. शिवसेना फुटली होती, राऊत उद्धव ठाकरेंसोबत राहिले, आणि मोदींचा चेहरा समोरच्या बाजूला होता. राऊत यांना सुमारे ४ लाख मतं मिळाली. नारायण राणेंना सुमारे ४ लाख ४८ हजार. राणे ४७,८५८ मतांनी जिंकले.

यावरून "चेहरा गेला आणि जागा गेली" असं म्हणणं सोपं आहे. पण आकडे पुन्हा बघा. राऊत यांची मतं ४ लाख ५८ हजारांवरून ४ लाखांवर आली, म्हणजे सुमारे ५७ हजारांनी घटली. पक्ष फुटला, धनुष्यबाण हे चिन्ह गेलं, भाजपची मतं गेली, तरी चार लाख लोक त्यांच्यामागे उभे राहिले. यात शिवसेना या नावाशी असलेलं कोकणी माणसाचं जुनं नातं आहे, आणि ते नातं ओळखीचंच आहे.

ते नातं आलं कुठून? कोकणातला चाकरमानी परळ, लालबागच्या गिरणगावात राहिला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने त्याला मुंबईत मराठी म्हणून आधार दिला. गणपतीला गावी येताना तो चाकरमानी ते नातंही सोबत घेऊन आला. सिंधुदुर्गात शिवसेना रुजली ती या वाटेने.

शिवाय २०२४ ला समोरचा उमेदवारही बदलला होता. माजी मुख्यमंत्री आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री स्वतः मैदानात होते. त्यामुळे किती मतं मोदींमुळे, किती राणेंमुळे आणि किती पक्षफुटीमुळे, याची वेगवेगळी मोजदाद करता येत नाही. एवढं मात्र स्पष्ट आहे की या निवडणुकीत जातीचं गणित तेच होतं. बदललं ते नेतृत्व, आणि त्यासोबत निकाल.

नेता मोठा की चिन्ह मोठं?

याचं आणखी एक जुनं उदाहरण आहे. २००५ मध्ये नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले. आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणमधून पोटनिवडणूक लढवली. वर्षानुवर्षं धनुष्यबाणावर शिक्का मारणाऱ्या मालवणच्या मतदाराने हाताच्या पंजावर मत देऊन त्यांना मोठ्या फरकाने निवडून दिलं. पक्षाच्या ओळखीपेक्षा नेता मोठा ठरला.

पण नेत्यामागे जाणं म्हणजे कायमचं बांधलं जाणं नव्हे. २०१४ मध्ये त्याच राणेंचा कुडाळ विधानसभा मतदारसंघात शिवसेनेच्या वैभव नाईकांनी पराभव केला. आणि त्याच दिवशी शेजारच्या कणकवलीत त्यांचे पुत्र नितेश राणे काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले, तेही राज्यात काँग्रेसची पडझड होत असताना. एका जिल्ह्यात, एका दिवशी, एकाच कुटुंबाबद्दल दोन वेगळे निकाल लागले.

विकास केला तर मतदार लक्षात ठेवतो?

इथे सिंधुदुर्गाचा इतिहास थोडा कडू आहे.

मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्या काळात. कोकणात रेल्वे यावी हा त्यांचा ध्यास होता. १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख.

आणि १९९१ मध्ये दंडवते हरले.

असं का झालं? एक कारण म्हणजे वातावरण. प्रचार सुरू असताना राजीव गांधींची हत्या झाली होती आणि काँग्रेसला सहानुभूती होती. शिवसेना वाढत होती, त्यामुळे विरोधी मतं वाटली जात होती. पण आणखी एक कारण विकासाच्या स्वभावातच आहे. १९९१ मध्ये कोकण रेल्वे कागदावर आणि खोदकामात होती. कुडाळच्या फलाटावर गाडी उभी नव्हती. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या त्या २६ जानेवारी १९९८ रोजी. तोवर दंडवतेंच्या पराभवाला सहा वर्षं होऊन गेली होती.

मोठ्या कामाला आठ-दहा वर्षं लागतात, निवडणूक पाच वर्षांनी येते. ज्याने पाया घातला तो घरी बसतो आणि जो हिरवा झेंडा दाखवतो त्याचा फोटो छापून येतो. सुरेश प्रभूंचंही काहीसं तसंच. वाजपेयी सरकारमध्ये ऊर्जामंत्री म्हणून त्यांचं नाव देशभर झालं, पण २००९ मध्ये तेही हरले. देशात नाव असणं आणि मतदारसंघात संपर्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडक्यात, मतदार विकासाला मत देतो हे खरं असलं, तरी तो दिसलेल्या विकासाला किंवा विश्वास बसलेल्या आश्वासनाला मत देतो.

रखडलेल्या कामाची शिक्षा कोणाला?

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन लोकसभा निवडणुका झाल्या, तरी संपूर्ण रस्ता तयार नव्हता. दर गणेशोत्सवात चाकरमान्यांचे हाल होतात आणि दर गणेशोत्सवात नवी तारीख मिळते.

मग या रस्त्यावरून कोणाची सत्ता का गेली नाही? कारण जबाबदारी नेमकी कोणाची हे मतदाराला ठरवता येत नाही. रस्ता केंद्राचा, भूसंपादन राज्याच्या यंत्रणेकडून, बांधकाम ठेकेदाराकडे, आणि मधल्या काळात केंद्रात व राज्यात सरकारं बदललेली. प्रत्येकाकडे बोट दाखवायला दुसरा कोणीतरी आहे. सिंधुदुर्गातला टप्पा रायगड आणि रत्नागिरीतल्या काही टप्प्यांपेक्षा आधी मार्गी लागला, त्यामुळे इथला राग तुलनेने कमी, असंही दिसतं.

श्रेयाच्या बाबतीत उलटं होतं. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एकाच मंचावर होते, आणि विमानतळ कोणी आणला यावरून दोन्ही बाजूंत जाहीर चढाओढ झाली. नियमित विमानसेवेचा प्रश्न मात्र त्यानंतरही शिल्लक राहिला.

विकास म्हणजे कोणाचा विकास?

"विकासावर मत" या वाक्यात एक अडचण आहे. विकास म्हणजे काय, यावर एकमत नसतं.

राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या प्रस्तावित रिफायनरीचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. काहींसाठी ती हजारो नोकऱ्या, काहींसाठी आंब्याच्या बागा आणि मासेमारीवर संकट. २०१९ च्या लोकसभेआधी शिवसेना-भाजप युती झाली तेव्हा नाणारचा प्रकल्प तिथून हलवणं हा युतीच्या चर्चेतला जाहीर मुद्दा होता. पुढे बारसूची जागा आली आणि २०२३ मध्ये माती परीक्षणावरून तिथे मोठं आंदोलन झालं.

२०२४ च्या लोकसभेत काय झालं? राणे रिफायनरीच्या बाजूने होते. सिंधुदुर्गातल्या तिन्ही विधानसभा मतदारसंघांत ते पुढे राहिले. रत्नागिरीतल्या तिन्ही मतदारसंघांत, ज्यात राजापूरही आहे, राऊत पुढे राहिले. ज्यांच्या दारात प्रकल्प येणार त्यांचं मत वेगळं, असा अर्थ काढायचा मोह होतो. पण सहा महिन्यांनी झालेल्या विधानसभेत त्याच राजापूरने शिंदे गटाच्या शिवसेनेचे किरण सामंत यांना निवडून दिलं. म्हणजे एका मुद्द्यावर निकालाचं खापर किंवा श्रेय ठेवताना जपून.

मालवणच्या बंदरातही हेच. पारंपरिक रापणकर आणि छोट्या होडीवाल्या मच्छीमारांना पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीवर बंदी हवी असते. यांत्रिक नौकांत पैसा गुंतवलेल्यांना मोकळीक हवी असते. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, पण अंमलबजावणीवरून संघर्ष सुरूच आहे. दोघेही "विकास हवा" म्हणतात. एकाचा विकास दुसऱ्याचं जाळं रिकामं ठेवतो.

राजकोटचा पुतळा: ओळख की विकास?

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणला झाला. पंतप्रधान मोदींच्या हस्ते राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. समोर समुद्रात महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला. या एका कार्यक्रमात अस्मिता होती, पर्यटन होतं आणि राष्ट्रीय नेतृत्वही होतं. ओळख आणि विकास या दोन वेगळ्या पेट्या नसतात, याचं याहून चांगलं उदाहरण मिळणं अवघड.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. राज्यभर संताप उसळला. तो अस्मिता दुखावल्याचा होता, आणि कामाच्या दर्जाचाही होता. नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली. ज्या कुडाळ मतदारसंघात मालवण येतं, तिथे सत्ताधारी महायुतीचे निलेश राणे सुमारे ८ हजार मतांनी जिंकले, आणि दोन वेळचे आमदार वैभव नाईक हरले.

लोक पुतळा विसरले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण एका घटनेचा राग सरकार, नेता, योजना आणि स्थानिक संपर्क या सगळ्यांच्या हिशेबात एक रकाना होऊन बसतो. एकच रकाना सहसा निकाल फिरवत नाही.

मग नेमकं उत्तर काय?

सिंधुदुर्गाचा मतदार लोकसभेला ओळख फेकून देत नाही. तो तिचा वापर बदलतो. गावात ओळख म्हणजे लाभाची खात्री. लोकसभेला ओळख म्हणजे विश्वासाची पहिली पायरी: हा माणूस आपली भाषा बोलतो का, आपल्या अडचणी याला कळतात का. त्या पायरीवर उभं राहून तो पुढचं बघतो, की दिल्लीत याचं वजन किती आणि देश कोणाच्या हातात द्यायचा. नगरमध्ये जन्मलेला प्राध्यापकही पाच वेळा "आपलो माणूस" होऊ शकला, कारण त्याने ती पायरी जन्माने नाही तर कामाने मिळवली.

आणि या जिल्ह्याला मत जपून वापरावंच लागणार आहे. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजारांवर होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. वाढण्याऐवजी घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, कारण कमावता पुरुष मुंबई, पुणे, गोव्यात. आधी या भागातून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण आणि देवगड असे चार आमदार निवडून जात. फेररचनेनंतर तीन उरले, आणि लोकसभेची जागा रत्नागिरीसोबत वाटून घ्यावी लागली. पुढची फेररचना लोकसंख्येवर झाली, तर आवाज आणखी लहान होण्याची भीती आहे.

तरुण गाव सोडून जातात कारण काम नाही. तरुण गेले की मतं कमी, मतं कमी की दिल्ली-मुंबईत वजन कमी, आणि वजन कमी की कामं पुन्हा मागे. या चक्रात अडकलेल्या जिल्ह्यासाठी "विकास" हा शब्द भाषणापुरता नाही. घर उघडं राहणार की फक्त गणपतीपुरतं उघडणार, याचा तो प्रश्न आहे.

म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारात येऊन विकासाचं नाव घेईल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारता येतील. हे काम करण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे की दुसऱ्या कोणाकडे? ते कधीपर्यंत होईल? आणि त्यात फायदा कोणाचा, नुकसान कोणाचं? उत्तर नीट आलं, तर आडनाव विचारायची गरज उरत नाही.